गेम सारखा क्रॅश होतोय? विंडोजवरच्या सिस्टम एररचा माग कसा काढायचा

गेम क्रॅश व्हायला लागला की बहुतेक जण आधी तो काढून पुन्हा टाकतात आणि मग इंटरनेटवर सापडेल तो उपाय करत सुटतात. शंभर जीबीचं डाउनलोड पुन्हा होतं, रात्र जाते आणि एरर तिथल्या तिथेच राहते. कारण एकच: नेमकं काय बिघडलंय हे कोणी पाहिलेलंच नसतं. क्रॅश झाला की विंडोज त्याची नोंद ठेवतं. ती नोंद कुठे असते आणि कशी वाचायची हे कळलं की अर्ध्याहून जास्त उपाय करावेच लागत नाहीत.

माझी आणि ओळखीच्यांची बरीच मशिन्स दुरुस्त करताना जो क्रम उपयोगी पडला तो इथे देतोय. विंडोज १० आणि ११ दोन्हींवर तो चालतो. मेनूंची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

एक नियम शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच बदल, मग गेम चालवून बघणं, मग पुढचा बदल. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम चालला, तर कशामुळे चालला ते कळत नाही. नाही चालला तर त्या पाचांतल्या एखाद्या बदलाने नवीन घोळ घातला का, तेही कळत नाही.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- नोंदींसाठी वही किंवा मोबाइलमधलं नोट्स ॲप. काय बदललं आणि काय झालं, एवढंच लिहायचं.
- ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटचा पासवर्ड.
- गेमच्या सेव्ह फाइल्सची कॉपी, दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर. क्लाउड सेव्ह चालू असलं तरी ही कॉपी करा. क्रॅशच्या वेळी बिघडलेली सेव्ह फाइल क्लाउडवर जाऊन चांगल्या फाइलची जागा घेऊ शकते.
- तुमच्या मशिनची माहिती. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, डीएक्सडायग टाइप करून एंटर करा आणि 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन' दाबा. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरची आवृत्ती, सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये मिळतं.
- मेमरी टेस्टसाठी एक रिकामा पेनड्राइव्ह. तो बहुतेकांना लागणार नाही.

गेम नुकताच विकत घेतला असेल तर घड्याळाकडेही लक्ष असू द्या. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. तुम्ही एरर शोधत असताना गेम जितका वेळ उघडा राहतो तोही या २ तासांत धरला जातो. मुख्य मेनूवर गेम उघडा ठेवून उपाय शोधत बसू नका.

१. क्रॅश कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

'गेम बंद पडतो' एवढ्याने भागत नाही. नेमकं काय होतं?

फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो, मेसेज येवो वा न येवो, बाकी कॉम्प्युटर ठीक असतो: दोष बहुधा गेमच्या फाइल्स, रनटाइम (गेम चालायला लागणाऱ्या पूरक फाइल्स), ड्रायव्हर किंवा मधे लुडबुडणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये असतो. पायरी २ पासून क्रमाने जा.

स्क्रीन काही क्षण काळी होते, परत येते आणि गेम मेलेला असतो: ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता. पायरी २ मधली नोंद बघा आणि थेट पायरी ५ वर जा.

निळी स्क्रीन येते (विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटनंतर ती काळी दिसते): विंडोजच्या गाभ्यातच गडबड झाली. गेम सहसा असा क्रॅश स्वतः घडवू शकत नाही. ड्रायव्हर, गाभ्यात शिरणारा अँटी-चीट (गेममधली चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम) किंवा हार्डवेअर बघा. स्क्रीनवरचा स्टॉप कोड मोबाइलने टिपून ठेवा.

काहीच न दाखवता मशीन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं: वीजपुरवठा किंवा तापमान. सॉफ्टवेअरमध्ये वेळ न घालवता पायरी ९ वर जा.

२. विंडोजने काय लिहून ठेवलंय ते वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

सोपा रस्ता आधी. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' उघडा. तारखांचा तक्ता येतो आणि क्रॅश झालेल्या दिवसांवर लाल फुली दिसते. त्याच तक्त्यात खाली त्या दिवशी कोणते अपडेट आणि कोणते प्रोग्रॅम इन्स्टॉल झाले तेही असतं. मंगळवारपर्यंत गेम नीट चालत होता, बुधवारी ड्रायव्हर अपडेट झाला आणि त्याच दिवसापासून फुल्या सुरू झाल्या, असं दिसलं तर शोध जवळपास संपलाच.

आता तपशिलात. विंडोज आणि एक्स एकत्र दाबून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्याखाली 'ॲप्लिकेशन'. क्रॅशच्या वेळेची लाल नोंद शोधा: सोर्स 'ॲप्लिकेशन एरर', इव्हेंट आयडी १०००. त्यात चार ओळी कामाच्या असतात:

- फॉल्टिंग ॲप्लिकेशन नेम: कोणता प्रोग्रॅम पडला.
- फॉल्टिंग मोड्यूल नेम: पडला तेव्हा कोणत्या फाइलमधला कोड चालू होता.
- एक्सेप्शन कोड: कशा प्रकारची चूक झाली.
- फॉल्ट ऑफसेट: त्या फाइलमधली नेमकी जागा.

मोड्यूलचं नाव 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर, 'एटीआय' किंवा 'एएमडी'ने सुरू होत असेल तर एएमडीचा. एखाद्या ओव्हरले प्रोग्रॅमची (गेमच्या स्क्रीनवर आपली माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल दिसली तर पायरी ६. गेमचीच फाइल असेल तर खराब फाइल, मॉड (गेममध्ये बाहेरून टाकलेला बदल) किंवा गेममधला बग.

मोड्यूलच्या जागी 'एनटीडीएलएल' किंवा 'कर्नलबेस' हे नाव वारंवार दिसेल. ते पाहून लोक ती फाइल इंटरनेटवरून उतरवून बदलायला निघतात. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. या दोन्ही विंडोजच्या मूळ फाइल्स आहेत आणि जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमचं काम त्यांच्यामधून जातं. दुसऱ्याच कोणीतरी मेमरीत घाण केलेली असते, ती यांच्यापाशी आल्यावर उघडी पडते एवढंच. ही नावं दिसली तर त्यातून निष्कर्ष काढू नका, एक्सेप्शन कोड बघा.

आणखी एक गोष्ट करा: एकच नोंद न वाचता शेवटच्या पाच-सहा नोंदी शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक वेळी मोड्यूल तेच आणि ऑफसेटही तोच असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे, कारण प्रोग्रॅम ठरावीक जागीच ठेचकाळतोय. दर वेळी मोड्यूल वेगळं, ऑफसेट वेगळा, कोडही वेगळा, आणि गेमबरोबर ब्राउझरही मधूनच पडतो, असं असेल तर हार्डवेअरवर, त्यातही रॅमवर, संशय घ्या. ही तुलना करायला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि तिच्यामुळे पुढची दिशा ठरते.

डावीकडे 'सिस्टम' हा दुसरा लॉगही उघडा. 'डिस्प्ले' सोर्स आणि आयडी ४१०१ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने प्रतिसाद दिला नाही म्हणून विंडोजने तो पुन्हा सुरू केला. 'व्हीया-लॉगर' (अक्षरं डब्ल्यूएचईए) म्हणजे हार्डवेअरने स्वतः चूक कळवली, ही नोंद कधीच दुर्लक्षित करू नका. 'कर्नल-पॉवर ४१' पाहून मात्र घाबरू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही.

३. एक्सेप्शन कोडचा अर्थ

खालचे सगळे कोड 'शून्य, एक्स, सी' असे सुरू होतात आणि मधे शून्यांची रांग असते. शेवटचे आकडे बघायचे.

- शेवटी ५ (आधी सहा शून्यं): प्रोग्रॅमने मनाई असलेल्या मेमरीत हात घातला. सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात कमी सांगणारा कोड. खराब फाइल, मॉड, ओव्हरले, ड्रायव्हर, रॅम, यांतलं काहीही असू शकतं.
- शेवटी ७बी: ३२-बिट आणि ६४-बिट फाइल्सची सरमिसळ. बहुतेक वेळा रनटाइम बिघडलेलं असतं किंवा कोणीतरी चुकीची डीएलएल (प्रोग्रॅम गरजेनुसार वापरतो ती कोडची फाइल) आणून टाकलेली असते. पायरी ४ च्या शेवटाकडे जा.
- शेवटी १४२: एखादी डीएलएल सुरूच होऊ शकली नाही. रनटाइम, नाहीतर अँटीव्हायरसची आडकाठी.
- शेवटी ३७४: गेमच्या मेमरीतली मांडणी बिघडली. मॉड असतील तर आधी ते काढा.
- शेवटी १डी: प्रोसेसरला न कळणारी सूचना आली. जुन्या प्रोसेसरवर नवा गेम असेल तर त्याला लागणारी एव्हीएक्स किंवा एव्हीएक्स२ सोय प्रोसेसरमध्ये नसते. इथे उपाय चालत नाही. गेमला किमान काय लागतं ते वाचा आणि जमत असेल तर पैसे परत घ्या.

कोडऐवजी 'डिव्हाइस रिमूव्हड' किंवा 'डिव्हाइस हंग' असा डायरेक्टएक्सचा मेसेज आला तर तो ग्राफिक्स कार्डाशी तुटलेल्या संपर्काचा असतो, म्हणजे पायरी ५.

४. गेमच्या फाइल्स आणि रनटाइम

गेम काढून पुन्हा टाकण्याची गरज सहसा नसते. स्टीममध्ये लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'इन्स्टॉल्ड फाइल्स', 'व्हेरिफाय इंटिग्रिटी ऑफ गेम फाइल्स'. एपिकमध्ये गेमशेजारच्या तीन टिंबांत 'मॅनेज' आणि तिथे 'व्हेरिफाय'. गॉग गॅलेक्सीतही 'व्हेरिफाय / रिपेअर' आहे. प्रत्येक फाइल तपासली जाते आणि बिघडलेल्याच तेवढ्या पुन्हा उतरतात.

तपासणीचा निकाल नीट वाचा. एकदा दोन-चार फाइल्स सापडणं नेहमीचं आहे. पण लगेच पुन्हा तपासल्यावर परत फाइल्स बिघडलेल्या निघाल्या, आणि त्याही दर वेळी वेगळ्या संख्येने, तर चूक गेममध्ये नाही. लिहिलेली माहिती डिस्कवर किंवा रॅममध्ये बदलतेय. तसं असेल तर थेट पायरी ९.

मॉड टाकलेले असतील तर व्हेरिफाय करून ते पूर्ण जात नाहीत. गेमच्या मूळ फाइल्स दुरुस्त होतात, पण मॉडने जास्तीच्या टाकलेल्या फाइल्स फोल्डरमध्ये तशाच पडून राहतात. मॉडचा फोल्डर हाताने बाहेर हलवा.

आता रनटाइम. 'एमएसव्हीसीपी १४०' किंवा 'व्हीसीरनटाइम १४०' सापडत नाही असा मेसेज आला तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या. एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही इन्स्टॉल करा. विंडोज ६४-बिट असलं तरी ३२-बिट गेमला एक्स८६ वालंच लागतं, आणि निम्मे लोक इथेच अडकतात. यादीत २००८, २०१०, २०१२, २०१३ अशा जुन्या आवृत्त्या दिसतील, त्या कचरा समजून काढू नका. वेगवेगळ्या काळातल्या गेम्सना त्या त्या आवृत्त्या लागतात.

जुन्या गेमला 'डी३डीएक्स९' ने सुरू होणारी किंवा 'एक्सइनपुट १_३' ही फाइल मिळत नसेल, तर डायरेक्टएक्स १२ असूनही असं का, हा प्रश्न पडतो. या जुन्या लायब्ररी विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच नसतात. मायक्रोसॉफ्टचा 'डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम' (शेवटची आवृत्ती जून २०१० ची) त्या आणून ठेवतो. त्याने नवं डायरेक्टएक्स मागे जात नाही. स्टीमच्या बऱ्याच गेम्सच्या फोल्डरमध्ये 'कॉमनरीडिस्ट' नावाखाली हे सगळं आधीच असतं, तिथूनच चालवा.

सापळा: एकेक डीएलएल फुकट देणाऱ्या साइट्सवर जाऊ नका. तिथली फाइल चुकीच्या आवृत्तीची असते, कधी तिच्यात व्हायरस असतो, आणि शेवटी ७बी असलेली एरर बऱ्याचदा अशाच फाइलमुळे सुरू होते. तुम्ही अशी फाइल आधीच टाकली असेल तर ती काढा, मग रनटाइमचं 'रिपेअर' चालवा.

५. ग्राफिक्स ड्रायव्हर

ड्रायव्हर अपडेट करा हा सल्ला सगळे देतात. मी म्हणेन, आधी रिलायबिलिटी हिस्ट्रीत बघा. क्रॅश नव्या ड्रायव्हरनंतर सुरू झाले असतील तर पुढे जाण्याऐवजी मागे या: डिव्हाइस मॅनेजर, 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स', कार्डावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर', 'रोल बॅक ड्रायव्हर'. ड्रायव्हर जुना असेल तर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून नवा घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमना मशीनमध्ये शिरकाव देऊ नका.

साध्या अपडेटने फरक पडला नाही तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, वापरा. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, इंटरनेट तोडा (नाहीतर विंडोज मधेच आपला ड्रायव्हर घुसवतं), सेफ मोडमध्ये जा, डीडीयू चालवा, रीस्टार्ट करा, नवा ड्रायव्हर टाका आणि मगच इंटरनेट जोडा.

त्यानंतर शेडर कॅश, म्हणजे चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅम्सचा (शेडरचा) साठा, रिकामी करा: सेटिंग्ज, 'सिस्टम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स', 'डायरेक्टएक्स शेडर कॅश'. पुढच्या वेळी गेम सुरू व्हायला वेळ लागेल, कारण शेडर नव्याने तयार होतात. त्या वेळी गेम अडकला समजून बंद करू नका.

आयडी ४१०१ च्या नोंदी येत असतील तर कारण समजून घ्या. ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळेत, मुळात २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं. रजिस्ट्रीत हा वेळ वाढवायचा सल्ला खूप ठिकाणी मिळतो. त्याने लक्षण लपतं, कार्ड अडकायचं थांबत नाही. त्याऐवजी ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) काढा, गेममधला फ्रेमरेट मर्यादित करा, रे ट्रेसिंग बंद करून बघा. कारखान्यातूनच जास्त वेगावर ठेवलेलं कार्ड असेल तर वेग थोडा कमी करून बघा. क्रॅश थांबले तर कार्ड तो वेग पेलत नाही हे सिद्ध झालं, आणि वॉरंटीसाठी तेवढा पुरावा कामी येतो.

गेमिंग लॅपटॉपवर बहुधा दोन ग्राफिक्स चिप्स असतात. सेटिंग्जमधल्या 'डिस्प्ले', 'ग्राफिक्स' इथे गेम जोडून 'हाय परफॉर्मन्स' निवडा, आणि चार्जर लावल्याशिवाय चाचणी घेऊ नका.

६. मधे येणारे प्रोग्रॅम, अडवणारं संरक्षण आणि देवनागरी नाव

डिस्कॉर्ड, स्टीम, ग्राफिक्स कार्डाचं ॲप, फ्रेमरेट दाखवणारा रिव्हाट्यूनर, रेकॉर्डिंगची ॲप्स: हे सगळे ओव्हरले गेमच्या आत स्वतःचा कोड घालतात. दोन-तीन एकदम चालू असले की भांडण लागतं. सगळे बंद करून बघा, चाललं तर एकेक परत चालू करा.

अँटीव्हायरस पूर्ण बंद करू नका. विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन हिस्ट्री' उघडून गेमची एखादी फाइल अडवली आहे का ते बघा. रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल तर गेमला डॉक्युमेंट्समध्ये लिहू दिलं जात नाही. काही गेम पहिल्याच सेव्हला पडतात ते याच कारणाने. तिथे 'अलाउ ॲन ॲप'मध्ये गेमची फाइल जोडली की झालं. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्याकडे हलवला असेल तरीही असाच त्रास होतो.

आता एक कारण, जे इंग्रजी मार्गदर्शकांत क्वचित सापडतं आणि आपल्याला मात्र थेट लागू पडतं. विंडोजचं लोकल अकाउंट बनवताना नाव देवनागरीत लिहिलं, तर सी ड्राइव्हवरच्या 'यूजर्स'मध्ये त्याच देवनागरी नावाचा फोल्डर तयार होतो. बरेचसे गेम, खास करून जुने आणि छोट्या स्टुडिओंचे, फाइलच्या पत्त्यात रोमन अक्षरंच असतील असं धरून चालतात. सेटिंग्ज किंवा सेव्ह फाइल उघडायला गेले की पत्ता वाचता येत नाही आणि गेम लोगो दिसायच्या आतच बंद. बाकी सगळं ठीक, ड्रायव्हर नवा, फाइल्स शाबूत, तरी गेम सुरूच होत नाही, अशा वेळी हे आधी तपासा: फाइल एक्सप्लोररमध्ये 'यूजर्स' उघडा आणि फोल्डरचं नाव बघा.

अकाउंटचं नाव बदलून उपयोग होत नाही. दिसणारं नाव बदलतं, फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. फोल्डरचं नाव हाताने बदलायला जाऊ नका, लॉगइनच बिघडेल. रोमन अक्षरांत, स्पेस न देता नवीन लोकल अकाउंट करा आणि गेम त्यात चालवून बघा. चालला तर निदान पक्कं. गेमचा इन्स्टॉल फोल्डरही देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये नको.

७. मेमरी संपल्याची एरर

'आउट ऑफ मेमरी' आली म्हणजे रॅम कमी आहे असं दर वेळी नसतं. गेम चालू असताना टास्क मॅनेजर, 'परफॉर्मन्स', 'मेमरी' इथे 'कमिटेड' खाली दोन आकडे दिसतात, समजा २३/२४ जीबी. पहिला आकडा म्हणजे प्रोग्रॅम्सनी मागून ठेवलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेज फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) मिळून असलेली मर्यादा. पहिला दुसऱ्याला भिडला की पुढची मागणी नाकारली जाते आणि गेम पडतो, मग प्रत्यक्ष रॅम थोडी मोकळी असली तरी.

एसएसडी वाचवायची म्हणून पेज फाइल बंद करायचा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकला असेल तर परत फिरा: 'ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज', 'परफॉर्मन्स'खालचं 'सेटिंग्ज', 'ॲडव्हान्स्ड', 'व्हर्च्युअल मेमरी', आणि 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वर खूण. त्या ड्राइव्हवर पुरेशी मोकळी जागाही हवी.

'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' वेगळी. आधी टेक्स्चरची पातळी खाली आणा. पण कार्डावर भरपूर मेमरी असूनही ती आली, तर पायरी ९ मधला प्रोसेसरचा भाग वाचा.

८. विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स

स्टार्टवर राइट क्लिक करून 'टर्मिनल (ॲडमिन)' (विंडोज १० मध्ये 'विंडोज पॉवरशेल (ॲडमिन)') उघडा. दोन आज्ञा या क्रमाने द्या, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत:

- डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ
- एसएफसी /स्कॅननाउ

प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक स्पेस. पहिली आज्ञा दुरुस्तीचा साठा नीट करते, दुसरी त्यातून फाइल्स बदलते, म्हणून क्रम उलटा नको. काही बिघडलेलं नाही असं उत्तर आलं तर पुढे चला, पुन्हा पुन्हा चालवून काही हाती लागत नाही.

९. हार्डवेअर

इथपर्यंत आलात आणि नोंदी दर वेळी वेगळ्या दिसताहेत, तर आता यंत्राकडे वळा.

रॅम. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जास्त वेगाने चालवायची सोय) चालू असेल तर ते बंद करा आणि गेम खेळून बघा. पाकिटावर छापलेला वेग असला तरी तो एक प्रकारचा ओव्हरक्लॉकच असतो आणि प्रत्येक प्रोसेसर-मदरबोर्डला झेपतोच असं नाही. माझ्या एका मशिनवर रोजची सगळी कामं सुरळीत चालायची, फक्त एक मोठा गेम पडायचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कधी गेमची फाइल, कधी ड्रायव्हर, कधी एनटीडीएलएल. एक्सएमपी बंद केल्यावर क्रॅश थांबले.

पक्की खात्री हवी तर पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकून रात्रभर चालू ठेवा. फुकट आवृत्तीत ४ फेऱ्या होतात. एकही चूक निघाली तरी ती चूकच, 'एखादी चालते' असं रॅममध्ये नसतं. मग एक एक पट्टी लावून कोणती खराब आहे ते शोधा.

डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. 'गुड' सोडून 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर गेमचा विचार बाजूला ठेवा आणि आधी महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी करा.

तापमान आणि वीज. एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून खेळा. प्रोसेसर १०० अंशांजवळ जाऊन तिथेच राहत असेल तर धूळ साफ करा, कूलर नीट बसलाय का बघा. मशीन एकदम बंद पडत असेल आणि तापमान ठीक असेल तर पॉवर सप्लायवर संशय घ्या. ग्राफिक्स कार्डाचे पॉवर कनेक्टर पूर्ण आत बसलेत का ते मशीन बंद करून तपासा, आणि कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलचे दोन फाटे लावण्यापेक्षा दोन वेगळ्या केबल वापरा.

इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. हा भाग त्या प्रोसेसरवाल्यांनी काळजीपूर्वक वाचा. यांतल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिप हळूहळू कायमची कमकुवत होत होती. इंटेलने २०२४ मध्ये हे मान्य केलं, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. लक्षण फसवं असतं: अनरिअल इंजिनचा गेम शेडर तयार करताना पडतो आणि मेसेज येतो 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. लोक ग्राफिक्स कार्ड बदलतात आणि एरर कायम राहते, कारण दोष प्रोसेसरमध्ये असतो. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नवं बायॉस टाका, 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा. दुरुस्ती पुढचं नुकसान रोखते, झालेलं भरून काढत नाही. त्यानंतरही क्रॅश चालू राहिले तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा.

बायॉस अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. यूपीएस नसेल तर ज्या वेळी वीज जाण्याची शक्यता कमी असते ती वेळ निवडा.

१०. मदत मागताना काय पाठवायचं

एवढं करूनही गेम पडत असेल आणि प्रत्येक नोंदीत मोड्यूल आणि ऑफसेट तेच असेल, तर दोष गेममध्येच असण्याची शक्यता मोठी. गेमच्या सपोर्टला लिहा. 'गेम चालत नाही, मदत करा' याला उत्तर म्हणून ड्रायव्हर अपडेट करा एवढंच येतं. पहिल्याच मेलमध्ये हे द्या:

- डीएक्सडायगची टेक्स्ट फाइल. पाठवण्याआधी त्यातलं मशीनचं नाव खोडलं तरी चालेल.
- आयडी १००० च्या दोन-तीन नोंदी, तारीख-वेळेसह कॉपी केलेल्या.
- गेमचा स्वतःचा लॉग. युनिटीवर बनलेल्या गेमचा 'प्लेअर' लॉग यूजर फोल्डरमधल्या 'ॲपडेटा', 'लोकललो' इथे कंपनीच्या आणि गेमच्या नावाखाली मिळतो. अनरिअलच्या गेमचा बहुधा 'ॲपडेटा', 'लोकल' मध्ये 'सेव्हड' नावाच्या फोल्डरात.
- निळी स्क्रीन असेल तर 'विंडोज' फोल्डरमधल्या 'मिनीडंप'मधली सर्वात नवी फाइल.
- क्रॅश हमखास घडवायची रीत: कोणती सेव्ह, कोणती जागा, काय केल्यावर.
- तुमच्या वहीतली यादी, काय करून पाहिलं आणि त्याने काय झालं.

शेवटच्या दोन गोष्टी दिल्या तर उत्तर ठरावीक साच्याऐवजी कामाचं येण्याची शक्यता खूप वाढते, कारण समोरच्याला तोच क्रॅश आपल्या मशिनवर घडवून बघता येतो. उत्तराची वाट बघताना स्टीमचे १४ दिवस संपत आले असतील तर आधी पैसे परत मागा. दुरुस्तीचा पॅच आला की गेम पुन्हा घेता येईल.